गेजवर सहा, सोडलं की साडेतीन : नायट्रससाठी वेगळी फ्युएल सिस्टिम बसवतानाचा माझा अनुभव

पाच आठवडे गाडी गॅरेजमध्ये स्टँडवर उभी होती. त्यातले साडेतीन आठवडे रेग्युलेटरच्या दुकानाने फोनवर दिलेल्या एका उत्तरापायी गेले : "गेजवर सहा दाखवतंय ना? मग सिस्टिम ठीक आहे." सहा म्हणजे पेट्रोलच्या प्रेशरचा आकडा, पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पाउंड). सिस्टिम ठीक नव्हती. त्या भरवशावर मी स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर, गेलो असतो, तर इंजिन हातचं गेलं असतं. अजूनही ते उत्तर आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी 1991ची फोर्ड मस्टँग, पाच लिटरची व्ही-8, हाताने गिअर टाकायची. मी मिशिगनमध्ये राहतो. इथला रेसिंगचा हंगाम छोटा, बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचा, त्यामुळे उन्हाळ्यातला एकेक शनिवार मोलाचा असतो. कारखान्यातून ही गाडी 225 हॉर्सपॉवरची निघाली. तिच्यावर मला आणखी 150 हॉर्सपॉवर देणारं नायट्रसचं वेट किट बसवायचं होतं. नायट्रस म्हणजे इंजिनाला जादा ऑक्सिजन देऊन ताकद वाढवणारा वायू. वेट म्हणजे नायट्रस आणि त्याच्या जोडीचं जादा पेट्रोल, दोन्ही किटच सोडतं.

त्यासाठी पेट्रोलची वेगळी सिस्टिम कशाला, हे मला बरेच जण विचारतात. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, साध्या हवेत 23च्या आसपास. ऑक्सिजन वाढला आणि त्या हिशेबात पेट्रोल पोचलं नाही, की मिश्रण लीन होतं आणि पिस्टन वितळायला दोन-तीन सेकंद पुरतात. गाडीच्या मूळ पंपाचं काम इंजेक्टरना पेट्रोल पुरवायचं. त्याच लाइनला किट जोडलं, तर किटचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडल्याक्षणी रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं, प्रेशर खाली येऊ शकतं. म्हणून एक गॅलनची छोटी टाकी, तिचा स्वतंत्र पंप, फिल्टर, प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर आणि तिथून थेट सोलेनॉइड. आणखी एक फायदा असा, की महागडं 100 ऑक्टेन पेट्रोल फक्त या छोट्या टाकीत भरायचं. मोठ्या टाकीत पंपावरचं नेहमीचं 93 चालतं.

टाकी, पाइप, फिल्टर, रिले हे सगळं एका शनिवारात बसलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. टाकीच्या जागेबद्दल मात्र सांगतो. ती मी डिकीत न ठेवता पुढे, बॅटरीच्या जागी बसवली. ही सिस्टिम अवघ्या सहा पीएसआयवर चालते. टाकी मागे असली आणि दहा फुटांचा पाइप पुढे आणला, तर गाडी 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) प्रवेगाने उसळताना पाइपातलं पेट्रोलच मागे रेटलं जातं आणि तेवढ्यात तीन पीएसआय जातात, म्हणजे सहातले निम्मे. पुढे टाकी असेल तर तोच रेटा पेट्रोलला इंजिनाकडे ढकलतो. बॅटरी मग डिकीत गेली. ती डिकीत गेली की एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे गाडीच्या मागच्या बाजूला, बाहेरून बंद करता येईल असा कट-ऑफ स्विच लागतो. तोही त्याच दिवशी लावला.

आता घोडं कुठं अडलं ते सांगतो.

पंप लावला, रेग्युलेटर फिरवून सहा पीएसआय केलं. सुई सहावर स्थिर होती. पण बंद सोलेनॉइडवर मोजलेल्या प्रेशरला फारसा अर्थ नसतो. नळ बंद असताना पाइपात पाणी कितीही जोरात असो, नळ सोडल्यावर किती येतं ते महत्त्वाचं. म्हणून सोलेनॉइडच्या अलीकडे टी लावून त्यावर गेज बसवलं, पुढे किटचंच जेट (मोजक्या छिद्राची तोटी) लावलं, त्याचं तोंड लोखंडी डब्यात सोडलं आणि नायट्रसची बाटली बंद ठेवून सोलेनॉइडचं बटण दाबलं. सुई सहावरून थेट साडेतीनवर आली.

हे गणित समजून घ्या. जेटमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. सहाऐवजी साडेतीन म्हणजे जवळपास पाव हिस्सा पेट्रोल कमी. नायट्रस मात्र पूर्ण येणार.

जिथून रेग्युलेटर घेतला त्या दुकानाला फोन केला. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, सहा आहे ना, मग ठीक आहे. मी म्हटलं, वाहताना साडेतीन आहे. तो म्हणाला, वाहताना थोडं पडतंच. थोडं म्हणजे किती, हे त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या फोनवर दुसरा माणूस. त्याला पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी, "रेग्युलेटर पाठवून द्या, तपासतो." पाठवला. दहा दिवस काहीच नाही. मग निरोप आला, की तपासला, चांगला आहे, तरी नवा देतो. नवा यायला आणखी आठवडा. नवा बसवला, बटण दाबलं, साडेतीन.

त्या साडेतीन आठवड्यांत त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही, की पंपाला व्होल्ट किती मिळतायत. माझा राग त्याचाच आहे. चांगला भाग परत मागवण्याआधी विचारायचा हा पहिला प्रश्न.

गाठ सुटली ती घरीच. बायको डब्यापाशी टॉर्च धरून उभी होती. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, ते उघडलं की या पंपाचा आवाज बसतो." मी सुईकडे बघत होतो, तिचं लक्ष आवाजाकडे होतं. पुन्हा दाबलं. पंपाची गुणगुण खरंच खाली आली आणि बटण सोडताच वर चढली.

डिकीतल्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून पुढे लांब वायर ओढली. मल्टिमीटरचं एक टोक तिला, दुसरं पंपाच्या निगेटिव्हला. फक्त पंप चालू, तर 0.4 व्होल्ट. सोलेनॉइडचं बटण दाबलं, तर 3.1. म्हणजे बॅटरीचे तीन व्होल्ट पंपापर्यंत पोचायच्या आधीच अर्थिंगमध्ये जिरत होते. पंप आणि दोन्ही सोलेनॉइड यांच्या निगेटिव्ह मी एकाच बोल्टखाली घेतल्या होत्या आणि तो बोल्ट रंगावर आवळलेला होता. पंप एकटा असताना भागत होतं. सोलेनॉइडनी करंट ओढला की पंप उपाशी. पंपही छोटा, फार तर सात पीएसआय देणारा, त्यामुळे व्होल्ट पडले की प्रेशर सरळ खाली.

बोल्ट काढला. खालची जागा पॉलिश पेपरने चांदीसारखी चकचकीत होईपर्यंत घासली. पंपाला वेगळी जाड निगेटिव्ह वायर दिली, थेट चॅसीच्या मोकळ्या लोखंडावर. पुन्हा मोजलं : 0.1 व्होल्ट. बटण दाबलं : पावणेसहा. रेग्युलेटर किंचित फिरवून वाहतं प्रेशर बरोबर सहावर आणलं. बंद असताना आता साडेसहा दाखवतं आणि तसंच असायला हवं. सेटिंग करायचं ते वाहत्या प्रेशरवर. माझा जीव भांड्यात पडला.

ही चाचणी करणार असाल तर गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या हवेत करा. आमच्याकडे गॅरेजमध्येच गॅसचा वॉटर हीटर आहे, त्यातली ज्योत कधी पेटेल सांगता येत नाही. अग्निशामक हाताशी ठेवा आणि बटण चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, सोलेनॉइड लगेच तापतो.

आता आठवलं, जेटचंही सांगायला हवं. किटच्या कागदावरचे पेट्रोलचे जेट या गाडीच्या मूळ 39 पीएसआयसाठी दिलेले असतात. वेगळ्या सिस्टिमवर सहा पीएसआय असताना तेच जेट लावलं, तर हवं त्याच्या 40 टक्क्यांपेक्षाही कमी पेट्रोल जातं. तेवढंच पेट्रोल हवं असेल तर छिद्राचा व्यास साधारण 1.6 पट लागतो. कमी प्रेशरचा तक्ता वेगळा मागून घ्या.

प्रेशर स्विच तर लावायचाच. माझा पाच पीएसआयवर ठेवला आहे. त्याखाली गेलं की रिले सुटतो आणि नायट्रस बंद. या एका स्विचवर मी इतर कशाहीपेक्षा जास्त विसंबतो. ठिणगीचं टायमिंग मी दर 50 हॉर्सपॉवरला दोन अंश, असं सहा अंश मागे घेतलं. स्पार्क प्लग एका नंबरने थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप 0.035 इंच. छोट्या टाकीत शिसंवालं रेस पेट्रोल घालू नका, ऑक्सिजन सेन्सर खराब होतात. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करा, शिळ्या पेट्रोलवर नायट्रस सोडणं म्हणजे मुद्दाम संकट ओढवून घेणं आहे. बाटलीचं प्रेशर 900 ते 950 पीएसआय ठेवतो. तिच्यावर डॉट-1800चा (अमेरिकेच्या परिवहन खात्याचा) शिक्का हवा आणि ती पक्की बोल्टने बसवलेली हवी. होज क्लॅम्प किंवा पट्ट्या शर्यतीआधीच्या तपासणीत चालत नाहीत.

पुण्यातले मित्र विचारतात, भारतात हे करता येईल का. गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा, असंच त्यांना सांगतो. मीसुद्धा रस्त्यावर बाटली बंदच ठेवतो.

पेट्रोलची लाइन केबिनमध्ये आणायची नाही, म्हणून गेज मी बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेबाहेर लावलंय आणि आत फोन त्याच्यावर रोखून बसवलाय. पहिल्या शनिवारी पाच धावा झाल्या. रात्री घरी येऊन पाचही व्हिडिओ बायकोबरोबर सावकाश बघितले. बटण दाबल्यावर सुई सहावर येते आणि शेवटच्या रेषेपर्यंत तिथंच राहते, पाचही वेळा. मग पट्टी बुडवून टाकी मोजली. एक लिटरसुद्धा पेट्रोल गेलं नव्हतं.