कमी पैशात बाळाची तयारी: आधी कागद, मग कपडे

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी आणि घर रोजंदारीवर, म्हणून आम्ही बाजाराआधी कागदांना हात घातला. आमच्या परभणीकडं हे काम आशाताईपासून सुरू होतं. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करायची, सासरी झाली असली तरी माता-बाल कार्ड माहेरी सोबतच आणायचं. रक्तगट, हिमोग्लोबिन, इंजेक्शनं सगळं त्यावर असतं. ते नसलं की तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5,000 रुपये मिळतात. 3,000 नोंदणी आणि तपासणीनंतर, 2,000 जन्मनोंद व चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. पैसे अडकतात ते खात्यापाशी. बँकेत आधारची झेरॉक्स दिलेली असते, पण खातं डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्याच्या सोयीला, जोडलेलं नसतं. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, हेही वेळेत सरळ करून घ्यावं. तरीही हा पैसा बाळंतपणाच्या खर्चात धरू नये, तो कधी येईल त्याचा नेम नाही.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि तिथलं जेवण फुकट आहे. न्यायला-आणायला 102 ची गाडीही फुकट. पण गाडी दुसरीकडं गुंतलेली असू शकते, म्हणून गावातल्या जीपवाल्याशी रात्रीचं भाडं आधीच बोलून तेवढी रोकड वेगळी काढून ठेवावी.

आता कपडे. दिवसाला आठ डायपर आणि एक दहा रुपयांना धरला, तर महिन्याला 2,400 रुपये होतात. त्याऐवजी मऊ पडलेली जुनी सुती सहावारी घ्या. साडेपाच मीटर लांबी, पन्हा एक मीटर दहा. पन्ह्याचे दोन भाग करून चौकोन कापले की 20 लंगोट निघतात. दुसऱ्या साडीची अख्ख्या पन्ह्याची पाच दुपटी होतात. कडा दुमडून शिवायच्याच. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं आणि ते पटकन लक्षातही येत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबण कपड्यात राहतो, त्यानं अंगावर लाल पुरळ उठतं. साबण कमी, खळबळणं दोनदा, मग कडक ऊन. झबली चार-पाच पुरतात, बाळ लवकर मोठं होतं. वैशाखात कुंची-स्वेटरची घाई करू नका, पातळ सुती झबलं बरं.

बाटली, दुधाची पावडर, गुटी यांवर एक रुपया घालू नये. सहा महिने आईचंच दूध. तो पैसा बाळंतिणीच्या ताटात जाऊ द्या. बाजरीची भाकरी, शेपू, शेंगदाणे-गूळ, जमेल तसं अंडं.

दवाखान्यातून निघण्याआधी जन्मनोंदीचं विचारून घ्या, 21 दिवसांत ती फुकट होते. मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असलं, तर अंगणवाडीत मुलींसाठीच्या लेक लाडकी योजनेचा अर्ज लगेच द्या. त्यातले पहिले 5,000 जन्मानंतरचे आहेत.