आमची वाटचाल : निपलच्या भोकापासून लेहच्या बुखारीपर्यंत

आमच्या कुर्ल्याच्या गाळ्यात एकच वस्तू बनते, पंपाच्या स्टोव्हचा बर्नर. टाकी, तिवई, पंप हे सगळं बाहेरून येतं. बर्नर मात्र सळईपासून पॅकिंगपर्यंत आमचा. पाइप गॅसच्या मुंबईत आज हा धंदा कोण करतो, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी बर्नर.

मुंबईत घासलेट म्हणा, घाटावर रॉकेल म्हणा, हे तेल तेलाच्या रूपात नीट जळत नाही. साध्या वातीवर ते पिवळं जळतं आणि भांड्याचं बूड काळं करतं. त्याची आधी वाफ करून ती हवेत मिसळली तरच निळी, बिनकाजळीची ज्योत मिळते. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये हेच साधलं आणि त्यातून प्रायमस स्टोव्ह जन्माला आला. पंपाच्या दाबाने तेल नळीतून वर चढतं, ज्योतीच्या आचेने नळीतच त्याची वाफ होते आणि ती वाफ निपलच्या, म्हणजे टोकाच्या तोटीच्या, बारीक भोकातून सुटते. म्हणजे ज्योत स्वतःचं इंधन स्वतःच उकळते. तत्त्व आजही तेच आहे. आम्ही जे काही सुधारलं ते या उकळण्यातलं.

रॉकेल साधारण १५० अंशांना उकळायला लागतं आणि ३०० अंशांपर्यंत त्याची पूर्ण वाफ होते. नळी याहून थंड राहिली तर निपलमधून तेलाचे थेंब येतात आणि स्टोव्ह भडकतो. उलट नळी साडेचारशेच्या वर गेली तर तेलाचे रेणू फुटून आत कोळसा धरतो. या दोन आकड्यांच्या मध्ये नळी टिकवणं, तीही मंद आचेवर आणि पूर्ण आचेवर, थंडीत आणि वाऱ्यातसुद्धा, हे आमचं सगळं काम. ग्राहकाला वाटतं ज्योत जितकी मोठी तितका बर्नर चांगला. आम्ही परत आलेले बर्नर कापून बघतो, त्यामुळे आमचं मत वेगळं आहे.

पहिला बर्नर बाजारात चालायचा त्याचीच नक्कल होता. किका स्ट्रीटवरून पितळी सळई आणि नळी आणायची, नळी वाकवायची, ब्रेझिंग करायचं, म्हणजे पितळी डाग देऊन सांधे जोडायचे, निपलचे आटे पाडायचे. दिसायला देखणा, पेटायलाही चांगला. पण हे बर्नर पाच-सहा महिन्यांत परत यायला लागले. तक्रार एकच, 'आच कमी झाली, पिन मारूनही फरक नाही.' उभा कापला की कारण डोळ्यांसमोर यायचं. चढत्या नळीत फारसं काही नाही, माथ्यावरच्या वाकात मात्र काळा, चकाकणारा, नखाने न निघणारा थर. पाच मिलिमीटरची वाट तिथे काडी जेमतेम जाईल इतकीच उरलेली. वाकाची बाहेरची भिंत ज्योतीच्या सगळ्यात तापलेल्या पट्ट्यात येत होती आणि वाफ तिथे रेंगाळत होती. पिन मारून उपयोग नव्हता, कारण पिन निपल साफ करते, वाक नाही.

मग वाक काढलाच. नळीच्या जागी पितळेचा एकसंध ठोकळा घेतला आणि त्यात तीन मिलिमीटरच्या सरळ वाटा ड्रिल केल्या. दोन वाटा जिथे मिळतात तिथे आटे असलेलं बूच बसवलं. ठोकळ्यात धातू जास्त, म्हणून उष्णता पसरते आणि एकच जागा लाल होत नाही. वाट अरुंद, म्हणून वाफ वेगाने पुढे सरकते. चढत्या वाटेत स्टेनलेसच्या बारीक तारांची जुडी सोडली. तिची दोन कामं. तेल उकळताना जे धक्के बसतात ते जुडी शोषते, त्यामुळे ज्योत धपधप करत नाही. आणि कोळसा भिंतीऐवजी बराचसा तारांवर धरतो. बूच उघडायचं, जुडी चिमट्याने ओढायची, जाळून झटकायची, परत घालायची. रोज चार तास चालणाऱ्या स्टोव्हला हे दोन महिन्यांतून एकदा पुरतं. बूच थंड असतानाच उघडायचं आणि आट्यांना ग्राफाइट लावायचं. नाहीतर तिसऱ्या खेपेला पान्हाच फिरतो, बूच नाही.

ठोकळ्याचा तोटाही सांगायला हवा. धातू जास्त म्हणजे तापायला वेळ जास्त. बर्नर आधी तापवायला काकडा, म्हणजे स्पिरिटचा बोळा, पेटवतात. जुन्या बर्नरला त्यात पाच मिली स्पिरिट पुरायचं, याला आठ लागतं. दुकानदार कुरकुरतात. आमच्याकडे यावर उपाय नाही.

दुसरा त्रास पितळाचाच होता. काही नळ्या न वापरता, डब्यात पडल्या पडल्या तडकायच्या, तेही पावसाळ्यात. हा रोग जुना आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्तानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं अशीच तडकायची, म्हणून इंग्रजीत याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ वाकवताना आत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर पडते. १९२१ मध्ये त्याचा उलगडा झाला. मुंबईत दमटपणा टाळता येत नाही आणि अमोनिया तर फरशी पुसायच्या औषधातही असतो. हातात उरतो तो ताण. म्हणून वाकवलेला किंवा ठोकलेला प्रत्येक भाग आम्ही भट्टीत २७५ अंशांवर तासभर ठेवतो. पितळ मऊ पडत नाही, ताण मात्र निघतो. खर्च किरकोळ आहे, पण ही पायरी गाळली की तक्रार चार महिन्यांनी येते आणि तेव्हा दोष कशाचा ते कुणाला सांगता येत नाही.

निपलबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सगळा बर्नर त्या भोकावर उभा आहे. आमचं नेहमीचं भोक ०.३० मिलिमीटर. टाकीत दीड किलो दाब असताना त्यातून ताशी साधारण २०० ग्रॅम रॉकेल जातं, म्हणजे पाव लिटर. या पाव लिटरची ३०० अंशांना सुमारे ५५ लिटर वाफ होते, आणि ती पूर्ण जळायला तीन किलो हवा लागते, जवळजवळ अडीच घनमीटर. एवढी हवा कुठलाही पंखा देत नाही. वाफेचा झोत स्वतःच ती ओढतो. म्हणून झोत सरळ आणि मधोमध हवा. निपल अर्धा मिलिमीटर तिरका बसला तरी एका बाजूची ज्योत पिवळी होते आणि दुसऱ्या बाजूची उचलली जाते.

भोक ०.३० चं ०.३५ झालं तर वाढ दिसायला नगण्य, पण क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. तेल तेवढं जास्त येतं, ओढली जाणारी हवा त्या प्रमाणात वाढत नाही, आणि मग काजळी. हे भोक मोठं करतं कोण? पिन. जाड पिन, गंजलेली पिन, आणि तिरकी खुपसलेली पिन. रोज सकाळी सवयीने पिन मारणाऱ्याचा निपल सहा महिन्यांत जातो. ज्योत निळी असेल तर पिन मारू नये, एवढं आम्ही डब्यावर मोठ्या अक्षरात छापतो आणि तरीही लोक मारतात. तपासणीला आमच्याकडे दोन तारा आहेत. ०.३० ची तार गेली पाहिजे, ०.३२ ची अडली पाहिजे. दुसरी गेली की निपल भंगारात, कारण तेवढ्या फरकानेही तेल १४ टक्के वाढतं.

आवाजाच्या बर्नरमध्ये झोत ताटलीवर आपटून पसरतो आणि घोंगावतो. बिनआवाजाच्या बर्नरमध्ये तेच मिश्रण टोपीच्या शेकडो छिद्रांतून निघतं. आम्ही दोन्ही बनवतो, पण हॉटेलवाल्याला आवाजाचाच द्यावा या मताचे आहोत. टोपीच्या छिद्रांत उतू गेलेलं दूध आणि तेल बसतं, आणि छिद्रं वाकड्या खिळ्याने मोठी केली की ज्योत आत शिरून टोपी लाल होते. आमची छिद्रं १.२ मिलिमीटरची आहेत. दीडच्या पुढे गेलो तेव्हा तापलेल्या टोपीत ज्योत मागे ओढली जायला लागली. शिवाय आवाज हा फुकटचा मीटर आहे. नीट तापलेला बर्नर एकसुरी वाजतो, कोळसा धरला की सूर बसतो आणि तेल येऊ लागलं की फडफडतो.

प्रत्येक बर्नर पेटवून बघितल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. काकड्याला स्पिरिट लावायचं, पेटवायचं, हवेची चावी उघडी ठेवायची. सव्वा मिनिटात स्पिरिटची ज्योत खाली बसते. ती विझायच्या आत चावी बंद करून तीन-चार हलके दट्टे. निपलवर आधी फुसफुस, एखादी पिवळी जीभ, मग एकदम निळा घेर धरतो आणि आवाज लागतो. त्यानंतर पुरता पंप. पहिल्या फुसफुशीलाच दहा दट्टे मारले तर दोन फुटी पिवळा भडका ठरलेला. भडकलाच तर पंपाला हात लावू नये, पाणी ओतू नये, चावी उघडून हवा सोडावी. दाब गेला की तेल थांबतं.

दर पन्नासातला एक बर्नर पाण्यावर तपासतो. पाच लिटर पाणी, झाकण लावलेलं भांडं, २७ अंशांपासून ९७ पर्यंत. चांगल्या बर्नरला १८ मिनिटं आणि ६० ग्रॅम रॉकेल लागतं, म्हणजे तेलातली ५६-५७ टक्के उष्णता पाण्यात उतरते. ७० ग्रॅमच्या वर गेला की तो लॉट थांबवायचा आणि निपल, मग ताटलीची उंची, या क्रमाने बघायचं.

बर्नरला नावं ठेवली जातात तिथे बऱ्याचदा दोष खालचा असतो. दट्टा आपोआप वर येत असेल तर पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गळतोय. दट्टा हलका लागत असेल तर चामड्याचं वायसर वाळलंय. ते शेंगदाण्याच्या तेलात रात्रभर ठेवून बोटाने कड फाकवायची. बर्नरच्या बुडाशी ओल दिसली तर शिशाचं वायसर बदलायचं. जुनंच पुन्हा आवळू नये, शिसं एकदा दबलं की दबलं.

आता गिऱ्हाइकाचं. १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि हळूहळू मुंबईच्या इमारतींत पाइप पोहोचला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि रेशनच्या निळ्या रॉकेलचा स्टोव्ह खेड्यातूनही निघाला. त्यात वाईट काही नाही. बंद खोलीत पंपाचा स्टोव्ह आम्हीही कुणाला सुचवणार नाही. आमच्याकडे उरले ते जिथे सिलिंडर पोहोचत नाही, टिकत नाही किंवा थंडीत चालत नाही तिथले लोक. ससून डॉकच्या काही होड्या, सह्याद्रीतले भटके, आणि उत्तरेकडून बुखारीसाठी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीसाठी, बर्नर मागवणारे.

होडीसाठी टाकी बर्नरखालून काढून बाजूला घ्यावी लागली. रॉकेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, मानकाप्रमाणे किमान ३५ अंश. मे महिन्यात मुंबईची हवाच तिथे पोहोचते, आणि बर्नरखालची टाकी त्याहून तापते. अशा टाकीचं झाकण पेटत्या स्टोव्हवर उघडलं की पुढचं सांगायला नको. आता टाकी बर्नरपासून दीड फूट दूर, मध्ये पितळी नळी आणि पत्र्याचा आडोसा. टाकी पाऊणच भरायची, वरची हवा हीच स्प्रिंग.

लेहला वेगळंच शिकायला मिळालं. तिथली उंची साधारण ३५०० मीटर आणि हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. मुंबईत निळा जळणारा बर्नर तिथे पिवळा जळतो, कारण तेल तेवढंच येतं आणि हवा विरळ. तिथे ०.२५ चा निपल जातो. त्याने तेल तीस टक्क्यांनी घटतं, ते थोडं दाब वाढवून भरून काढायचं. स्पिरिट दुप्पट लागतं. आणि बुखारीला धुराडं हवंच. धुराड्याशिवाय खोली तापवायला बर्नर मागणाऱ्याला आम्ही माल देत नाही. निळ्या ज्योतीतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

हल्ली इथेनॉलची विचारणा होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह केला आहे, त्यामुळे काम अशक्य नाही. पण आमचाच बर्नर त्याला लावून चालत नाही. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणजे ठोकळ्यापर्यंत न पोहोचता खालच्या नळीतच, आणि ज्योत धापा टाकते. तेवढ्याच आचेला वजनाने दीडपटीहून जास्त इंधन लागतं आणि उकळत्या इंधनाची वाफ करायला एकूण पाचेकपट उष्णता. सध्या खालची नळी तिवईच्या बाहेरून, आचेपासून दूर नेऊन बघतोय. मंद आचेवर अजून धापा आहेत.

०.२५ च्या निपलची पिन ही दुसरी डोकेदुखी. तिची तार ०.२० ची, थंडीत बधिर बोटांनी वाकते आणि भोकात तुटते. तुटलेला तुकडा निघत नाही. म्हणून लेहच्या प्रत्येक बर्नरबरोबर आता दोन पिना आणि चार निपल जातात.