दोन मिनिटकाट्यांचं घड्याळ

लेकीनं बाराला भेटायचं कबूल केलं होतं. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या कॉर्न स्ट्रीटवर, जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीसमोर. मी पावणेबारापासूनच हजर. डोंबिवलीहून एकतीस वर्षं आठ-तेराची फास्ट पकडलेल्या बाईला वेळेवर पोचणं म्हणजे उशिरा पोचणंच वाटतं, त्याला इलाज नाही.

इमारतीसमोर फुटपाथवर काशाची चार गोल टेबलं आहेत. व्यापारी पूर्वी यांच्यावर पैसे मोजून देत. कडा मुद्दाम उचललेल्या, नाणी घरंगळू नयेत म्हणून. त्यातल्या एकावर पिशवी टेकवून मी वर पाहिलं, तर दारावरच्या घड्याळाला तासकाटा एक आणि मिनिटकाटे दोन! एक लाल, एक काळा, दोघांत दहा मिनिटांचं अंतर. पहिला विचार आला तो हा की, दुरुस्ती करणाऱ्याकडे एक पार्ट उरला असेल आणि त्यानं तो कुठेतरी बसवून टाकला असेल. आमच्या मिक्सरचं असंच झालं होतं.

पण ते घड्याळ ठणठणीत आहे. लाल काटा ग्रीनिचची, म्हणजे लंडनची वेळ दाखवतो, काळा ब्रिस्टलची. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथे दहा मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. तेव्हा ब्रिस्टलचे बारा ते ब्रिस्टलचे बारा. लंडनकरांनी आपले बारा आपल्याकडे ठेवावेत! गावोगावी हीच रीत होती. टपालाच्या घोडागाड्यांवरच्या गार्डांना तर मुद्दाम हळू किंवा जलद चालणारी घड्याळं लावून देत, म्हणजे प्रवासात वेळ आपोआप जुळत जाई. घोड्यांच्या वेगात हे खपून गेलं.

आगगाडीच्या वेगात खपेना. लंडन ते ब्रिस्टल हा ब्रुनेल नावाच्या इंजिनियरनं आखलेला लोहमार्ग ३० जून १८४१ रोजी पूर्ण सुरू झाला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं त्याच्या आदल्याच वर्षी जाहीर केलं होतं की आमच्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ चालेल. तो कंपनीचा नुसता तोरा नव्हता. त्या काळी एक गाडी गेली की ठरावीक मिनिटं मोजून मागची सोडत. अशा रुळांवर दोन घड्याळांत दहा मिनिटांचा फरक म्हणजे थट्टा नव्हे. पण गावातला माणूस चर्चचे बारा ऐकून रमतगमत स्टेशनात यायचा, तेव्हा बाराची गाडी दहा मिनिटांपूर्वीच गेलेली असायची. त्याच्यासाठी हा दुसरा काटा. आणि तरी ब्रिस्टलनं लंडनची वेळ अधिकृतपणे स्वीकारली ती सप्टेंबर १८५२ मध्ये. अकरा वर्षं शहर दोन काट्यांवर नांदलं! त्यानंतर सातच महिन्यांनी आपल्या बोरीबंदरहून ठाण्याची गाडी निघाली.

स्टेशनातली वेळ आणि गावातली वेळ यांचा तंटा पुढे कोर्टातही गेला. १८५८ साली डॉर्चेस्टरला न्यायाधीश कोर्टाच्या, लंडनच्या वेळेवर चालणाऱ्या घड्याळात दहा वाजताच बसले, प्रतिवादी हजर नाही म्हणून निकाल त्याच्याविरुद्ध देऊन मोकळे. त्याचे वकील काही मिनिटांनी आले आणि म्हणाले, गावच्या घड्याळाप्रमाणे आम्ही वेळेवर आहोत. वरच्या कोर्टानं त्यांचंच खरं मानलं. सबंध ब्रिटनला कायद्यानं एक वेळ मिळाली ती १८८० मध्ये. रेल्वे चाळीस वर्षं पुढे, पार्लमेंट मागून.

मला मात्र वेगळंच वाटत राहिलं. या लोकांनी आगगाडी शोधली, तसा उशीरही शोधला. त्याआधी माणसं काय लवकर पोचत होती? पण ‘पाच मिनिटं उशीर’ ही चीज नव्हती. माझी आजी ‘घटकाभरात येते’ म्हणून शेजारी जायची. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण कधी कुणी मोजली नाही. स्वयंपाक व्हायच्या आत परतली म्हणजे झालं. मिनिटांचा उशीर जन्माला आला फलाटावर.

आणि जिथे जन्मला तिथेच त्याचे लाड अजून चालू आहेत. हवा बोलून झाली की इथला माणूस गाडीवर येतो. पानगळीत रुळांवर पडलेली पानं चाकांखाली चिरडून काळा गुळगुळीत थर बनतो, चाकं घसरतात, म्हणून पाण्याच्या फवाऱ्यानं रूळ धुणाऱ्या खास गाड्या फिरवाव्या लागतात. कारण अगदी खरं आहे, पण ‘रुळांवर पानं’ म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघून हसतात. १९९१ च्या फेब्रुवारीत बर्फ ‘चुकीच्या प्रकारचा’ पडल्याचं कारण पुढे आलं, तेही अजून विसरलेले नाहीत. आम्हाला पेंटोग्राफ तुटल्याचं ऐकून सवय. बर्फाची जात कधी कुणी काढली नव्हती.

परवाच आम्ही एका गावाहून परतत होतो. गाडी शेतातच थांबली. माफी इतक्यांदा मागितली गेली की मलाच अवघडल्यासारखं झालं. पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला की तिकिटाचे थोडे पैसे परत मिळतात, हे लेकीनं सांगितलं. समोरचे आजोबा घड्याळाकडे टक लावून बसले होते. अकरा, बारा, तेरा... आणि चालकानं पुढे अशी काही हाणली की आम्ही बरोबर चौदा मिनिटं उशिरा पोचलो. आजोबांनी जीभ चुकचुकवली. गाडी फारशी उशिरा न आल्याचं एवढं दुःख मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यात आणखी एक गंमत. लांब पल्ल्याची गाडी शेवटच्या स्टेशनात दहा मिनिटांच्या आत पोचली की ती वेळेवर धरायची, असा इथल्या रेल्वेचा हिशेब वर्षानुवर्षं होता. दहाच मिनिटं! म्हणजे काळा काटा कुणी काढून टाकलेला नव्हता, फक्त हिशेबाच्या वहीत सरकवला होता.

हसायला आपण तरी कोण? देशाची प्रमाणवेळ १९०६ ला आली, आणि मुंबई शहर आपली ३९ मिनिटं मागची ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत उराशी धरून बसलं. वडील गिरगावातले. लग्नाचं आमंत्रण आलं की ‘स्टँडर्ड की मुंबई?’ हे आधी विचारून घ्यावं लागे, असं सांगायचे. पंचांगात तर गावोगावच्या सूर्योदयाचा फरक अजून मिनिटांत दिलेला असतो.

लेक आली तेव्हा लाल काटा बारावरून सहा मिनिटं पुढे गेला होता. धापा टाकत म्हणाली, “सॉरी आई, बस चुकली. किती वेळ उभी आहेस?”

मी वर बोट दाखवलं. “काळ्यात बघ. चार मिनिटं लवकर आलीस.”

तिनं खिशातून फोन काढून वेळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “पाणी प्यायलीस ना गं सकाळपासून?”