पंप चालू, टाकी रिकामी

जुलैतली गोष्ट. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजसमोर बूट भिजतील एवढं पाणी साचलं होतं आणि त्यातून एक पांढरी डिझेल एसयूव्ही आत आली. २०१६ची, लाखावर किलोमीटर पळालेली. कासारवडवलीचे काका-काकू. काका उतरता उतरताच म्हणाले, "टर्बो गेलाय. फक्त तुमचा रेट सांगा."

पेशंटनेच ऑपरेशन ठरवून यावं, तसं हे. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना ६८ हजारांचं एस्टिमेट दिलं होतं. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. त्याचा दाब लागतो त्यापेक्षा कमी पडतोय, एवढाच या कोडचा अर्थ. का कमी पडतोय, हे कोड सांगत नाही. शिवाय तिथल्या मिस्त्रीने टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून "बघा, प्ले आहे" असं दाखवलंही होतं. आता हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो आडवा किंचित हलणारच. पुढे-मागे हलला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र गाठ टर्बोशी. मी पाईप काढून पाहिलं. पाती स्वच्छ, पुढे-मागे काही नाही.

"होतंय काय नक्की?" मी विचारलं.

"सकाळी ठीक असते. गायमुखचा चढ लागला की मेली. तिसऱ्यात टाकली तरी ढिम्म. मागे काळा धूर."

काकू गाडीतूनच म्हणाल्या, "आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं ना, तसं फुसफुसतं."

"अगं, ते एसीचं," काका म्हणाले. मीही हसलो. जॉबकार्डवर धूर लिहिला, चढ लिहिला, फुसफुस लिहिली नाही.

पुढचे तीन तास नेहमीच्या वाटेने गेले. एअर फिल्टर बरा होता. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, तर दाबाचा सेन्सर १०० किलोपास्कल दाखवत होता. समुद्रसपाटीच्या ठाण्यात बाहेरच्या हवेचा दाब जवळपास तेवढाच असतो, म्हणजे निदान इथे तरी सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या, उघडझाप होणाऱ्या पात्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर. या गाडीत तो व्हॅक्यूमवर चालतो, आणि व्हॅक्यूमची बारीक नळी कुठे फुटली की पात्या उघड्या राहून दाब बनतच नाही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि नळ्या कुरतडतात, म्हणून माझा पहिला संशय तिथेच होता. हातपंप लावला. दांडी सरसर वर आली आणि पंपाचा काटा चढला तिथेच टिकून राहिला. नळ्याही शाबूत.

मग धुराचं मशीन लावलं, पाईपांत धूर सोडून गळती शोधणारं. कुठूनही धूर नाही.

इथे मी डगमगलो, खोटं कशाला सांगू. टर्बोवाल्याचा नंबरही काढला होता. फोन लावायच्या आधी मनात आलं, आपण गाडी चालवलीच कुठेय? घोडबंदर रोडवर त्या वेळी मेट्रोच्या कामातून गायमुखपर्यंत जायचं म्हणजे तास गेला, म्हणून मी आळस केला होता. ती चूक माझी.

संध्याकाळी निघालोच. पोऱ्या बाजूला स्कॅनर घेऊन बसला. चढावर तिसऱ्यात पाय दाबला. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, २२० किलोपास्कल मागतोय, मिळतायत १४८. अ‍ॅक्च्युएटरला हुकूम पुरेपूर जातोय. आणि हवा मोजणारा सेन्सर? तो कमी नाही, उलट चढा आकडा दाखवत होता. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर हा आकडा पडला असता. सोसायटीचा पंप धडधडतोय, मीटर पळतोय, पण गच्चीवरची टाकी भरत नाही, तेव्हा आपण पंप बदलत नाही. मधला पाईप बघतो.

पोऱ्या म्हणाला, "दादा, फुसफुस येतेय." मी एसी बंद केला. आवाज तसाच.

परत आलो. इंजिन गरम असतानाच टर्बोच्या तोंडावरचा पाईप काढला आणि टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं पीव्हीसीचं झाकण लावून कॉम्प्रेसरची हवा सोडली. धुराचं मशीन जेमतेम फुंकर मारतं. मी सावकाश एक बारपर्यंत, म्हणजे १०० किलोपास्कलपर्यंत, गेलो. अर्ध्या बारला शांत. पाऊण बारच्या पुढे गाडीच्या पोटातून कुकर बोलायला लागला.

टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून वर येणारा रबरी होज, खालच्या वळणावर, आतल्या बाजूने. तिथे नजर जात नाही. बोटं घातली तर तेलकट चिकट माती लागली. होज सोडवून उजेडात धरला: पेराहून थोडी लांब चीर, तिच्या कडा मिटलेल्या ओठांसारख्या घट्ट बंद. दोन्ही अंगठ्यांनी वळण वाकवलं तेव्हाच ती उघडली. मागे कधीतरी खालचं कव्हर काढताना होज धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली असावी. तेव्हापासून तो ब्रॅकेटला घासत होता. थंड रबर कडक, चीर बंद. गरम झालं, दाब चढला, की सगळी हवा तिथूनच पसार. हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून काळा धूर.

नवा होज दुसऱ्या दिवशी दुपारी आला, क्लिपसकट २,८०० रुपयांना. पुन्हा गायमुख. २२० मागितले, २१६ मिळाले. काका स्वतः चालवत होते. चढावर ट्रकला मागे टाकून गाडी निघाली तेव्हा त्यांनी मान डोलावली, बोलले काही नाहीत.

बोलले ते बिल बघून. "एक पाईप बदलायची मजुरी दोन हजार?" काल हेच गृहस्थ ६८ हजार मोजायला तयार होते. मी दोन दिवसांचा हिशेब सांगायला लागलो, तेवढ्यात काकूंनी पर्समधून फोन काढला.

"स्कॅनर कुठाय तुमचा? तो पैशांचा," त्या म्हणाल्या. "आणि अहो, तुम्ही गाडी बाहेर काढा. एसी लावून बघते, फुसफुसतोय का."