रेस्पिरेशन २०

आमच्या वॉर्डात कुठलाही टीपीआर चार्ट (टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशनचा तक्ता) उघडा, रेस्पिरेशनच्या, म्हणजे मिनिटाला श्वास किती त्या रकान्यात २० नाहीतर १८. पेशंट झोपलेला असो की धापा टाकत बसलेला, २०. मी पण कितीतरी वर्षं तेच लिहीत आलेय, उगाच खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी मेट्रन मॅडमनी बोलावून सांगितलं की ज्युनियर स्टाफला क्लिनिकल रिझनिंग, म्हणजे पेशंट बघून विचार करून ठरवणं, शिकवायचंय, आठवड्याला एक क्लास तू घे. मलाच धड माहीत नव्हतं म्हणजे नक्की काय शिकवायचं. वाचायला बसले तर ऑस्ट्रेलियातल्या ट्रेसी लेव्हेट-जोन्स यांचं आठ पायऱ्यांचं चक्र सापडलं, पेशंट बघा, माहिती गोळा करा, अर्थ लावा, प्रॉब्लेम ओळखा, असं करत करत शेवटी आपण यातून काय शिकलो इथपर्यंत. झकास पीपीटी केली, रंगीत बाण वगैरे. नाइट करून आलेल्या पोरी पहिल्याच रांगेत बसून झोपल्या. त्यांना तरी काय बोलणार, रात्री चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर.

मग क्लासरूमचा नाद सोडला. सकाळी ओव्हर, म्हणजे नाइटवाल्यांकडून पेशंटची माहिती, घेताना एकच पेशंट निवडायचा, बेडपाशी दहा मिनिटं उभं राहायचं आणि मी दोनच प्रश्न विचारायचे, "हे असं का झालं असेल?" आणि "दोन तासांनी काय होईल असं वाटतं?" उत्तर मी द्यायचं नाही. हे गप्प बसणं मला जाम जड गेलं, जीभ नुसती वळवळायची.

एक दिवस आतड्याचं ऑपरेशन झालेले काका होते, दुसरा दिवस. ओव्हर काय दिली तर "पेशंट फेअर, व्हायटल्स स्टेबल". बीपी १०४/६०, पल्स ८८, टेंपरेचर ९९.४, ऑक्सिजन ९५, रेस्पिरेशन अर्थातच २०. ओव्हर देणारीला म्हटलं, पूर्ण एक मिनिट श्वास मोज. तिने मोबाइल काढला, काकांच्या पोटाकडे बघत ओठातल्या ओठात मोजलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, २६."

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज-२ म्हणून स्कोअर आहे, २०१७ चा, पेशंट बिघडतोय का ते व्हायटल्सना गुण देऊन ओळखायचा. त्यात रेस्पिरेशन २० ला शून्य गुण आणि २५ पासून पुढे तीन. म्हणजे आधी बीपीचा एक आणि ऑक्सिजनचा एक मिळून दोन होत होते, आता झाले पाच, आणि पाचला डॉक्टरांना लगेच बोलवायचं असतं. एका आकड्याने!

ती म्हणाली, पण पल्स तर नॉर्मल आहे ना. मी गप्प. तेवढ्यात मागून आमचे ब्रदर फाइल चाळत बोलले, "यांना मेटोप्रोलॉल चालू आहे, पल्स कमी ठेवणारी गोळी, पहाटेच दिलीय." मग दुसरी म्हणाली, म्हणजे पल्स वाढायला हवा होता पण गोळीने धरून ठेवलाय. मला तर तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, कारण हे कुठल्याच स्कोअरमध्ये येत नाही, डोकंच लावावं लागतं. मग धडाधड सगळं निघालं, ॲडमिशनला बीपी १५०/९० होता, युरीन सहा तासांत ९० एमएल, वजन साठ किलो म्हणजे तासाला किलोमागे अर्धा एमएल धरून निदान १८० तरी हवं. आणि काकू उशाशी बसून सांगत होत्या की हे सकाळपासून बोलतच नाहीयेत, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

खरी पंचाईत फोनची. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" म्हटलं की पलीकडून "बरं, येतो" एवढंच. म्हणून आधी काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय असं एसबार (SBAR) नावाच्या ठरलेल्या क्रमाने बोलायची प्रॅक्टिस घेतली होती. सगळ्या अडायच्या त्या "मला वाटतं" पाशी. "मॅडम, ते म्हणतील तू डॉक्टर आहेस का?" त्या दिवशी ती बोलली, "सर, मला सेप्सिस वाटतंय, तुम्ही आत्ता बघायला हवं." सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे जिवावर बेतणं. सर दहा मिनिटांत आले. आतड्याचा जोड लीक होत होता, संध्याकाळी परत ओटीत घेतलं. काका घरी गेले, पण बऱ्याच दिवसांनी.

दरवेळी असं होत नाही हं. पुढच्याच महिन्यात एकीने रात्री तीनला फोन केला, काही निघालं नाही, वर बोलणी खाल्ली. आठवडाभर तिचा फोनला हात लागेना. मी त्या डॉक्टरांशी जाऊन बोलले, थोडं कडाक्याचंच झालं, मेट्रन मॅडमनी मला बोलावून समज दिली ती वेगळी.

आणि मुळात २० का लिहितात याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांनी मनगटावरची घड्याळं बंद केलीत, मोबाइल वापरला की ओरडा, आणि वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटाच नाही. मोजणार कशावर? स्टोअरला घड्याळांचा इंडेंट (मागणीपत्र) टाकलाय, चार महिने झाले. शेवटी बाजारातून दोन घड्याळं मीच आणली, एक मेल सर्जिकल वॉर्डात लावलं, दुसऱ्याला खिळा ठोकायला मेंटेनन्सवाले मामा अजून आलेले नाहीत.