सील शाबूत

गॅस कंपनीच्या मीटर तपासणी विभागात काम करते म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. मीटर पळतं का, आणि चुंबक लावलं तर थांबतं का? आमच्याकडच्या साध्या डायफ्रॅम मीटरची, म्हणजे आतल्या लवचिक पडद्यांच्या हालचालीने गॅस मोजणाऱ्या मीटरची, गती दातेरी चाकांतून आकड्यांपर्यंत जाते, ते चुंबकाला भीक घालत नाही. चुंबकाने गंडतो तो वर बसवलेला रिमोट रीडिंगचा मॉड्यूल, कारण त्यात रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच, असतो. मॉड्यूल थांबतो, आकडे मात्र पुढे जात राहतात, आणि दोन्हींचा मेळ घातला की माणूस अलगद सापडतो. जाणकार चोर चुंबकाच्या नादी लागत नाही.

त्या दिवशी माझ्यापुढे दोन मीटर होते. दोन्ही जी १.६, म्हणजे ताशी जास्तीत जास्त २.५ घनमीटर आणि कमीत कमी १६ लिटर. पहिला एका निवृत्त आजोबांच्या घरातला. ओट्याचं काम काढलं तेव्हा गवंड्याच्या हाताने सीलची वायर तुटली, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दक्षता पथकाने पंचनाम्यात लिहिलं, ‘सील तुटलेले, छेडछाड’, आणि त्या तीन शब्दांवर चोरीचं बिल निघालं. दुसरा मीटर घरगुती कनेक्शनचाच, पण त्या फ्लॅटमधून रोज जेवणाचे डबे बाहेर जातात. वापर एकदम घसरला म्हणून बिलिंगमधल्या मुलीने शंका काढली. पथक गेलं, शेरा मारून आलं: ‘सील शाबूत, मीटर सदोष असण्याची शक्यता’. या पथकाला टॉर्च दिला आहे, भिंग दिलेलं नाही. दिलं तरी वापरतील असं वाटत नाही.

मीटर आला की लगेच तपासता येत नाही. आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवावा लागतो, कारण हवेच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी घनफळात साधारण ०.३ टक्के फरक पडतो. ‘अर्ध्या तासात रिपोर्ट द्या’ म्हणणाऱ्या साहेब लोकांना हे कितीदा सांगितलं तरी पटत नाही. तपासणी बेल प्रूव्हरवर होते. तेलात उलटी घातलेली मोठी टाकी सावकाश खाली येते आणि मोजलेली हवा मीटरमधून ढकलते.

ग्राहकाला तपासणीला बोलावतो. आजोबा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी बिलं लावून आले होते.

“यात गॅस नाही सोडत?”

“नाही आजोबा, हवाच.”

“मग हवेचंही बिल लावाल!”

आमचे मामा, म्हणजे बेंचवरचे जुने फिटर, फिस्सकन हसले. आजोबा नाही हसले.

त्यांच्या मीटरची चूक कमी प्रवाहाला उणे १.१ टक्के (उणे म्हणजे मीटर कमी मोजतो), मधल्या प्रवाहाला अधिक ०.४, पूर्ण प्रवाहाला उणे ०.२. वापरातल्या मीटरला आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे, म्हणजे वैधमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ओआयएमएल आर १३७ प्रमाणे, वरच्या प्रवाहांना ३ टक्के आणि अगदी खालच्या पट्ट्यात ६ टक्क्यांपर्यंत सूट असते. आकड्यांच्या पेटीचं सील जागच्या जागी, काचेला भोक नाही, स्क्रूच्या खाचा कोऱ्या. तुटली होती ती मीटर पाइपला जोडणाऱ्या नटावरच्या सीलची वायर. मीटर अगदी इमानदार होता.

दुसरा लावला. उणे १८.२, उणे १७.९, उणे १८.०.

ही आकड्यांची ओळ बघून मी मामांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मीटर झिजला किंवा आतला व्हॉल्व्ह गळायला लागला, तर चूक कमी प्रवाहाला सगळ्यात मोठी दिसते, कारण मंद आचेवर तेवढाच गळका वाटा मोठा ठरतो. प्रवाह वाढवला की चूक आवरते. तिन्ही ठिकाणी सारखीच चूक म्हणजे मोजणारा भाग ठणठणीत आहे, त्याचा हिशेब वरच्या चाकांत बिघडवला आहे. आकड्यांच्या पेटीमागे दोन छोटी प्लास्टिकची चाकं असतात. कारखान्यात मीटर थोडा पुढे-मागे असला की दातांची जोडी बदलून तो जुळवतात. कुणीतरी ही जोडीच बदलली होती.

पण पेटी उघडल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही, आणि पेटीवर आमचंच शिशाचं सील शाबूत होतं.

भिंग घेतलं. आमच्या सीलच्या पकडीत वर्कशॉपचा क्रमांक कोरलेला आहे. मागे ती फरशीवर पडली आणि क्रमांकातल्या ४ च्या शेपटीचा टवका उडाला. तेव्हापासून प्रत्येक सीलवर ४ लांडा उमटतो. हा मीटर पकड पडण्याच्या बऱ्याच आधी इथून पास होऊन गेला होता, नंतर परत आल्याची कुठेच नोंद नाही. त्याच्या सीलवर मात्र ४ लांडा. म्हणजे पेटी उघडून, चाकं बदलून, आमच्याच पकडीने पुन्हा सील मारलं होतं. डबे करणाऱ्या बाईंनी पैसे दिले असतील, नाकारत नाही. पण चाकांची जोडी आणि पकड त्यांच्या मिसळणाच्या डब्यात नसते.

पकड कंत्राटदाराची माणसं साइटवर नेतात. कोणी कधी नेली याची वही आहे. वहीतल्या महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत मारलेल्या दिसतात.

साहेब म्हणाले, “मॅडम, रिपोर्टमध्ये मोजमाप लिहा, अंदाज नको.”

“साहेब, टवका मोजूनच लिहिलाय. फोटो जोडलेत.”

ते फोटो ‘अंतर्गत चौकशी’कडे गेले. डब्यांच्या घरी सदोष म्हणून मीटर बदलून दिला. आजोबांचं बिल अजून ‘पुनर्विचाराधीन’ आहे, कारण तुटलेलं सील फॉर्ममधल्या रकान्यात बसतं आणि लांडा ४ बसत नाही.

विजेचं बरं आहे. २००३ च्या कायद्यातलं कलम १३५ मीटरमधल्या फेरफाराचं नाव घेऊनच बोलतं. घरगुती गॅसच्या मीटरला असं स्वतःचं कलम नाही, भारतीय न्याय संहितेतल्या साध्या चोरीपर्यंत ओढत न्यावं लागतं. त्यामुळे कंपन्या कोर्टात जाण्याऐवजी बिलातच वसुली करतात, आणि तिथे पुरावा म्हणजे पथकाचा शेरा. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं, की वैधमापनाच्या २०११ च्या नियमांखाली गॅस मीटरसाठी वेगळे नियम तयार होत आहेत: वापरात येण्याआधी तपासणी, पडताळणी आणि मुद्रांकन, म्हणजे शिक्का मारणं. यावेत. शिक्का मारणारा आणि बिल लावणारा एकच असू नये, एवढं तरी त्यातून साधेल. पण शिक्क्याची पकड सरकारी असली तरी तीही कुणाच्या तरी टेबलाच्या खणातच असणार.

आजोबांना अहवालाची प्रत मी टपालाने पाठवली. साहेबांना विचारलं नाही. तपासणी त्यांच्या मीटरची होती. आता बदलून येणाऱ्या प्रत्येक जुन्या मीटरचं सील मी आणि मामा भिंगाखाली बघतो. लांड्या ४ चा आणखी एक सापडला आहे. उद्या तो बेलवर घेईन, आणि तिथेही तीन प्रवाहांना सारखीच चूक निघाली तर या वेळी वहीच्या पानांचे फोटोही रिपोर्टला जोडणार आहे.