मिस्टरांची दारू कशी सोडवलीत, असे तुम्ही विचारलेत म्हणून

हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारला गेला आहे, दवाखान्याच्या बाकावर विचारला गेला आहे आणि बहुतेक वेळा कोपऱ्यात नेऊन, आवाज खाली आणून विचारला गेला आहे. ‘ताई, तुमच्या मिस्टरांची दारू तुम्ही कशी सोडवलीत?’ विचारणारी बाई सहसा ‘आमच्या एका नातेवाइकांसाठी’ विचारते, आणि मीही तेच खरे धरून बोलते. उत्तर तसे लहान आहे: मी सोडवली नाही. त्यांनी ती डॉक्टरांच्या, व्यसनमुक्ती केंद्राच्या आणि नंतर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच संघटनेच्या मीटिंगांच्या आधाराने सोडली. माझ्यात जो बदल झाला तो त्याच्या आधी, त्यांचे पिणे ऐन भरात असताना सुरू झाला होता, आणि मला जे सांगता येते ते त्याच्याविषयीच आहे.

पण त्याआधी औषधाचे सांगणे भाग आहे, कारण पुढचा प्रश्न हमखास ‘जेवणातून काही दिलेत का?’ असाच असतो. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवून देण्याच्या जाहिराती आपल्याकडे भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत उघड दिसतात. या पुड्यांमध्ये नेमके काय असते ते पुडी विकत घेणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही. मात्र दारूची प्रतिक्रिया आणणारे जे औषध डॉक्टर वापरतात, ते डायसल्फिराम, यकृतातील एका विकराचे काम रोखते आणि त्यामुळे दारूपासून तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साठत जाते. असे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर प्राणही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यानंतरही हा धोका साधारण दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणूनच डॉक्टर ती रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. खोलीत कोंडून दारू तोडण्याचा उपायही तितकाच घातक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यापुढच्या एकदोन दिवसांत भ्रम, कंप आणि ताप यांची जी अवस्था येऊ शकते तिच्यावर रुग्णालयातच उपचार व्हावे लागतात. हे माहीत नसलेल्या घरात प्रेमापोटीच माणूस दगावू शकतो.

आता माझ्याविषयी. पिणाऱ्याच्या बायकोचे आयुष्य म्हणजे बिनपगारी दुसरी पाळी असते. बाटलीतली पातळी बघायची, खिसे तपासायचे, जिन्यातल्या पावलांवरून आज किती झाली आहे त्याचा अंदाज बांधायचा, सकाळी त्यांच्या कार्यालयात ‘ताप आहे’ म्हणून फोन करायचा, सासरच्यांना एक आणि माहेरच्यांना दुसरे सांगायचे, आणि या सगळ्यात आपल्याला भूक लागली आहे की नाही, हे दुपार उलटून गेल्यावर लक्षात यायचे. मला तेव्हा कोणी ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारले तर मी ‘हे कालपासून बरे आहेत’ असे उत्तर देत असे.

अल-अ‍ॅनॉन या गटाचा पत्ता मला एका समुपदेशक बाईंनी दिला. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठीची ही संघटना १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि तिच्या मीटिंगा आपल्याकडच्या शहरांतही होतात. फी नसते, आडनाव सांगावे लागत नाही आणि, मला सर्वांत नवल वाटले ते याचे की, कोणी सल्ला देत नाही. ज्याला बोलायचे असेल तो स्वतःविषयी बोलतो, म्हणजे शेअरिंग करतो, आणि बाकीचे ऐकतात. तिथे वारंवार कानावर येणारा विचार असा की, हे व्यसन मी लावलेले नाही, ते माझ्या ताब्यात राहणार नाही आणि ते बरे करणेही माझ्या हातात नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर मला तो हात झटकण्याचा प्रकार वाटला होता. कित्येक मीटिंगांनंतर त्याच विचाराने माझी झोप परत आणली, कारण वर्षानुवर्षे मी स्वतःवर चालवलेला खटलाच त्याने निकालात काढला.

‘प्रेरणा’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे, म्हणून स्पष्ट सांगते की मला प्रेरणा वगैरे आलेली नव्हती. मी फक्त थकले होते. त्या थकव्यातून मी एकेक काम सोडत गेले. कार्यालयातला फोन प्रथम बंद केला. त्यांना मेमो आला, त्यांनी आकांडतांडव केले, सासूबाईंनी मला दगडाच्या काळजाची म्हटले, आणि मी त्या संध्याकाळी बहिणीला सारे खरे सांगून टाकले. (जिथे मारहाण आहे तिथे मात्र असे धाडस एकटीने करू नये. तिथे आधी स्वतःचा आणि मुलांचा जीव. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि १८१ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.)

हे सोडून देणे म्हणजे त्यांना सोडून देणे नव्हे का, असे मला विचारतात. याबाबतीत मी पूर्णपणे माझ्या गटाच्या बाजूने नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिलर, मायर्स आणि टोनिगन या संशोधकांनी उपचारांना नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० आप्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आप्तांना कधी आणि कसे बोलावे, शुद्धीतल्या वेळेला दाद कशी द्यावी आणि पिण्याचे परिणाम पिणाऱ्यालाच कसे भोगू द्यावेत याचे प्रशिक्षण मिळाले, त्यांच्यातील ६४ टक्के लोकांचे माणूस उपचाराला आले. घरच्यांनी एकत्र जमून समोरासमोर सुनावण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि अल-अ‍ॅनॉनची वाट दाखवणाऱ्या समुपदेशनात १३ टक्के. म्हणजे घरच्यांच्या वागण्याने काहीच फरक पडत नाही, हे खरे नव्हे, आणि हे कौशल्य शिकवणारा समुपदेशक मिळाला तर जरूर शिकावे. परंतु त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: त्या आप्तांची स्वतःची मनःस्थिती तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. पिणारा उपचाराला येवो न येवो, घरातल्या माणसाचे बरे होणे त्याच्यासाठी अडून राहिले नाही.

त्यांची दारू सुटल्यावर सारे सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटत असेल. खरे सांगायचे तर मला सर्वांत जड गेला तो काळ त्यानंतरचा. इतकी वर्षे बिले, मुलीची शाळा, नातेवाईक, सगळे माझ्या हाती होते, आणि आता शुद्धीवर असलेला एक माणूस सकाळी चहा घेता घेता ‘या महिन्यात किती खर्च झाला?’ असे विचारू लागला. मुलगी कोणत्याही परवानगीसाठी माझ्याकडेच येत असे आणि ते गप्प बसत. ते मीटिंगहून परतले की माझे नाक आपोआप त्यांच्या श्वासाकडे वळे. त्याहून वाईट म्हणजे मला त्यांच्या मीटिंगांचा राग येऊ लागला होता. अल-अ‍ॅनॉनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या लोइस विल्सन यांनाही हेच झाले होते. त्यांचे पती बिल १९३४ च्या डिसेंबरात दारूपासून सुटले, आणि काही काळाने ते मीटिंगची घाई करत असताना लोइसबाईंनी त्यांच्या दिशेने बूट भिरकावला, कारण इतकी वर्षे बायकोने जिवाचे रान करून जे साधले नव्हते ते परक्या माणसांनी साधले होते. ही हकीकत ऐकल्यावर मी गटात मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ रडले. आम्ही दोघांनी त्यानंतर घरातली कामे आणि पैसे नव्याने वाटून घेतले. त्यावर भांडणे झाली, पण ती शुद्धीवरच्या दोन माणसांची भांडणे होती. मध्ये त्यांची एक स्लिपही झाली, म्हणजे ते पुन्हा प्यायले. त्या वेळी मी कार्यालयात फोन केला नाही, डॉक्टरांना केला.

तुम्हाला सुरुवातीला पत्ता हवा असेल, तर व्यसनांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. हे फोन तुम्ही स्वतःसाठी करू शकता, मिस्टर तयार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

राहिला तो प्रश्न जो सहसा विचारला जात नाही, फक्त डोळ्यांत दिसतो: आणि ते सुधारलेच नसते तर? आमच्या गटात ज्यांचे पती आजही पितात अशा बायका आहेत, ज्यांनी वेगळे बिऱ्हाड केले अशा आहेत, आणि लिव्हर निकामी होऊन पती गेल्यानंतरही येत राहिलेल्या आहेत. त्यांच्यातल्याच एक जण नव्याने आलेल्या बाईशी सर्वांत आधी बोलतात, कारण नवरा सुटल्याची गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारखीकडे पाहून तिच्या मनात पुन्हा ‘यांनी काय दिले असेल?’ हाच प्रश्न येतो.